तिंगबाईचा आतेभाऊ

अमळनेर,
अक्षय्य तृतीया ऊर्फ आखाजी, तिच्यानंतरचा सहावा दिवस

चि. सौ. डिंपल हिला आबाचे भरभरून आशीर्वाद, आणि आमचे जावई नवीनराव यांना नमस्कार. (जावई वयाने लहान असला तरी त्याला नमस्कारच करायचा, आशीर्वाद नाही, असं तुझी आई मला दर वेळी बजावते, म्हणून या खेपेला आधीच उरकून घेतला.)

तुम्हा दोघांच्या तब्येती ठणठणीत असतील असं धरून चालतो. नवीनरावांची पाठ आता कशी आहे? इकडे आम्ही सगळे बरे आहोत, फक्त भाजून निघालो आहोत. पारा चव्वेचाळीसच्या खाली यायचं नाव घेत नाही. कुलरला दिवसातून चार बादल्या पाणी पाजतो आणि तो त्याच्या बदल्यात गरम वारा सोडतो, म्हणजे उपकाराची फेड कशी करतात ते त्याच्याकडून शिकावं. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. तुझ्या आईचा रक्तदाब मात्र गेल्या दोन महिन्यांत एकदाही वाढलेला नाही. डॉक्टरांनी विचारलं की गोळी बदलली का, तर ती म्हणाली, नाही, चिनी गोष्ट चालू आहे. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं आणि माझ्याकडे जरा दयेने पाहिलं.

आता तू म्हणशील, घरात मोबाईल असताना आबांना पत्र लिहायची हौस कुठून आली. बाई गं, मोबाईल घरात असला तरी माझ्या हातात कुठे असतो? सकाळी सहा ते दहा तो वाचनाला लागतो, दहा ते बारा चार्जिंगला, आणि दुपारी या बायका त्यातली चित्रं एकमेकींना दाखवत बसतात. शिवाय फोनवर बोलायचं म्हटलं तर चार जणी कान टवकारून बसलेल्या. आणि मला जे लिहायचं आहे ते त्या चार जणींपैकी एकीने ऐकता कामा नये. ते कोण, ते पुढे येईलच. चौतीस वर्षं तलाठी म्हणून नोकरी केली, तेव्हा कोणती गोष्ट कोणत्या परिच्छेदात घ्यायची एवढं मला कळतं.

मूळ दोष तुझा आहे, हे आधी नोंदवून ठेवतो. दिवाळीला आलीस आणि आईच्या मोबाईलमध्ये ती दोनशे चार प्रकरणांची चिनी कादंबरी घालून गेलीस. वर एक बटण दाखवून गेलीस, की हे दाबलं की इंग्रजीचं मराठी होतं. होतं खरं. पण ते मराठी मामलेदार कचेरीतल्या परिपत्रकालाही लाजवेल असं होतं. तरी तुझी आई माघापर्यंत एकटीच गुपचूप वाचत होती. फाल्गुनात बिबड्यांचा हंगाम सुरू झाला (नवीनरावांसाठी खुलासा: बिबडी म्हणजे ज्वारीचा पापड), ज्वारीच्या घाट्याचं पातेलं गच्चीवर चढलं, तिचे दोन्ही हात गुंतले, आणि गोष्ट अशा जागी अडकली होती की हान तुओ कड्यावरून लोंबकळतोय. मग मला वर बोलावणं आलं. म्हणाली, दवंडीच्या आवाजात नोटिसा वाचायचात ना गावोगाव, तर हे वाचा. मी म्हटलं एक प्रकरण वाचतो. त्या गोष्टीला आता दोन महिने झाले.

श्रोतेमंडळ सांगतो. तुझी आई, यशोदाबाई, चाटू घेऊन पातेल्यापाशी. शेजारच्या पुष्पाबाई बिबड्या थापायला. आणि समोरच्या शिवणकामवाल्या रईसाबी, ज्या खरं तर स्वतःच्या घरच्या बिबड्यांचं पीठ आपल्याकडे शिजवून घ्यायला म्हणून आल्या आणि पीठ संपलं तरी गेल्या नाहीत. या दोघींसाठी वाचन पुन्हा पहिल्या प्रकरणापासून सुरू करावं लागलं. गोष्ट तुला ठाऊकच आहे. ढगांत एक डोंगर, त्यावर एक मठ, मठात चारशे शिष्य, ते तलवारीवर उभे राहून उडतात. त्यातले हान तुओ आणि बाई तिंग हे दोघे मुख्य. आता इथेच पहिला घोटाळा झाला. मोबाईल म्हणायचा, ‘बाई तिंग आला.’ आता बाई कधी आला असते का? बाई आली. यंत्राला मराठी येत नाही असं समजून मी वाचता वाचता व्याकरण दुरुस्त करत गेलो. बाई आली, बाई बसली, बाईने तलवार उपसली. बायका तिला तिंगबाई म्हणू लागल्या. पुष्पाबाईंनी तर ठरवूनच टाकलं की ती मठातल्या शाळेवर शिक्षिका असणार, बाई म्हटल्यावर दुसरं काय.

एकतिसाव्या प्रकरणात ओळ आली, ‘बाई घराण्याचा एकुलता एक पुत्र व वारस’. पुत्र व वारस हे दोन शब्द तलाठ्याच्या नजरेतून सुटत नाहीत. मी थांबलो. चष्मा पुसला. मग खाकरून सांगितलं की मंडळी, बाई हे त्याचं आडनाव आहे आणि आपण तीस प्रकरणं एका पुरुषाला लुगडं नेसवलं. खाली रस्त्यावरून कुल्फीवाला घंटी वाजवत गेला. मला वाटलं आता वाचन बंद, आणि खरं सांगतो, मला जरा वाईट वाटलं, कारण त्या दोघांचं काय होतं याची मलाही ओढ लागली होती (हे आईला सांगू नकोस). तेवढ्यात रईसाबी म्हणाल्या, “मग काय झालं आबा? माणूस तोच आहे ना कालचा? वाचा पुढे, घाटा घट्ट होतोय.” आणि पुष्पाबाईंनी हात ओला करून पुढची बिबडी थापली. झालं. एवढ्यावर मिटलं. शहरात याच्यावर म्हणे परिसंवाद होतात. नाव मात्र तिंगबाईच राहिलं, कारण तोंडात बसलेलं नाव कोण बदलणार.

मतं मात्र एकेकीची अशी पक्की झाली की विचारू नकोस. पुष्पाबाई हान तुओच्या बाजूच्या. तो बोलत नाही, हसत नाही, नुसता बघतो, आणि वेळ आली की तलवार काढतो. त्यांचं म्हणणं, आमचे हेसुद्धा बोलत नाहीत नि हसत नाहीत, पण त्यांना निदान तलवार तरी चालवता यायला हवी होती. रईसाबी तिंगबाईच्या. तो दारू पितो, उधळ्या आहे, जिभेला हाड नाही, पण भर सभेत हान तुओवर आळ आला तेव्हा एकटा तोच उठून उभा राहिला, आणि रईसाबींच्या मते माणूस तिथे ओळखावा. त्यांची एकच तक्रार, की लढाईला पांढरेशुभ्र झगे कशाला, बारा-बारा वार कापड, आणि त्याच्यावरचे रक्ताचे डाग धुतं कोण? तुझी आई तिसऱ्याच्याच बाजूची. त्या मठात एक स्वयंपाकी आहे, सगळ्या पुस्तकात मिळून त्याच्या वाट्याला अकरा ओळी आल्यात. ती म्हणते, चारशे माणसांचा स्वयंपाक दोन वेळा करतो आणि कोणी एकदा बरं झालंय म्हणत नाही, खरा तपस्वी तोच. असं म्हणताना ती माझ्याकडे का बघते ते मला अजून उमगलेलं नाही. हानवाल्या नि तिंगवाल्या यांची जुंपली की आखाजीला नदीच्या दोन काठांवर उभ्या राहून दोन आळ्यांच्या पोरी एकमेकींना शिव्या घालतात, तसा देखावा गच्चीवर दिसतो. (माझं मत कोणी विचारलं नाही, तरी देऊन ठेवतो. त्या मठाचा कारभार अत्यंत ढिसाळ आहे. गुरू तीनशे वर्षं मरत नाही. मग वारस नोंद कधी करायची? मूळ खातेदार हयात, मुलगा हयात, नातू हयात, सगळे अमर. त्या तलाठ्याची मला फार दया येते.)

इथवर सगळं मजेचं होतं. मग आखाजीच्या पंधरा दिवस आधी सकाळी साडेनऊला दाराशी रिक्षा थांबली आणि तीतून तुझी मंजुळाआत्या उतरली.

पिंपळनेरहून पहाटेच्या एस्टीने निघून, धुळ्याला गाडी बदलून, एकटी, एका पिशवीनिशी. सहा वर्षांनी. अक्का उंबऱ्यातच उभी राहिली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, “तुना घरमा चिनी पोथी वाचतस म्हने. दखाड माले. संध्याकायनी गाडीतीन मी परत जासू.” सहा वर्षं तोंड न दाखवलेल्या बहिणीचं पहिलं वाक्य हे. तुझ्या आईने मागून येऊन तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि ती कुठे ठेवली ते आजतागायत कोणाला सांगितलेलं नाही.

आता पोरी, तुला मी एक गोष्ट आजपर्यंत सांगितलेली नाही ती सांगतो. अक्काने योगराजसाठी तुला मागितलं, आत्याच्या मुलाला मामाची मुलगी, तिचा हक्कच होता, आणि तू म्हणालीस की योगराजला मी लहानपणापासून भाऊ म्हणते, राखी बांधते, माझ्याच्याने व्हायचं नाही. त्यात तुझं काही चुकलं नाही. मी तेव्हाही तुझ्या बाजूला होतो, आजही आहे. योगराजलाही पुढे ज्योत्स्नासारखी गुणी बायको मिळाली, सगळं मार्गी लागलं. अक्का नुसत्या नकारासाठी सहा वर्षं रुसली असं तू समजतेस. तसं नाही. तिने ओसरीवर बसून “भाऊ म्हनं म्हंजे काय भाऊ व्हई जास का?” असं विचारलं, मी “बघू” म्हटलं, आणि चार महिने बघतच राहिलो. तिच्या तोंडावर नाही म्हणायचा धीर होईना. शेवटी एक दिवस कागद घेतला, आणि हात चौतीस वर्षांच्या सवयीने आपोआप चालला. विषय: आपल्या चिरंजीवांकरिता केलेल्या मागणीबाबत. संदर्भ: आपली समक्ष भेट. सदर प्रकरणी मुलीचे म्हणणे विचारात घेता आपली मागणी मान्य करणे शक्य नाही, सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. खाली सही, तारीख. आणि रजिस्टर पोस्टाने पाठवलं, डिंपल. सख्ख्या थोरल्या बहिणीला, जिने मला कडेवर घेऊन वाढवलं तिला, मी पोचपावतीसह पत्र पाठवलं. नकार तिने पचवला असता. तो कागद तिला पचला नाही. आणि ती पोचपावती माझ्या पेटीत आहे, अक्काच्या सहीची, ती बघवतही नाही आणि फाडवतही नाही.

तर अक्का गच्चीवर येऊन बसली. कोणी काही न सांगता तिने पोलपाट जवळ ओढला आणि थापायला लागली. (तिची बिबडी अजून सगळ्यांत पातळ निघते. पुष्पाबाईंना ते फारसं आवडलेलं नाही.) त्या दिवशी संध्याकाळची गाडी चुकली, कारण पिशवी सापडेना. दुसऱ्या दिवशी नेमकं अठ्ठ्याण्णवावं प्रकरण. सत्त्याण्णव प्रकरणं नुसतं एकमेकांकडे बघितल्यावर तिंगबाई पावसात उभा राहून एकदाचं मनातलं बोलतो. मोबाईलने लिहिलं होतं, ‘वरिष्ठ बंधू, माझे हृदय तुमचे आहे.’ वरिष्ठ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे प्रांतसाहेब उभे राहतात, म्हणून आजवर मी ते ‘साहेब’ असंच वाचत आलो होतो. त्या दिवशी भावनेच्या भरात सोपं करायला गेलो आणि वाचलं, “भाऊ, माझा जीव तुझ्यावर आहे.”

पुष्पाबाईंच्या हातातली बिबडी फाटली. “आबा, हाई काय? भाऊ म्हनस, नि लगीनबी त्यानाच संगे कराले निंघना?” दोघे पुरुष आहेत ते या बाईला एकतिसाव्या प्रकरणापासून चाललं होतं. एका गुरूचे शिष्य आहेत तेही चाललं. भाऊ म्हणून पुन्हा त्याच्याशी लग्न म्हणताच मात्र धर्म बुडाला. एका गुरूचे म्हणजे देवक एकच झालं, आणि एका देवकात सोयरीक होत नाही, असा खुलासाही त्यांनी केला. रईसाबी म्हणाल्या, आमच्यात चालतं चुलत भावाशी. पुष्पाबाई म्हणाल्या, तुमचं तुमच्यापाशी, हा मठ आपल्यातला आहे. (चीनमधला मठ आपल्यातला कसा, हे विचारायची ती वेळ नव्हती.) आणि मग अक्का खाली मान घालून थापता थापता म्हणाली, अगदी हळू, “भाऊ म्हनं म्हंजे काय भाऊ व्हई जास का?”

तेच वाक्य. त्याच घरात. तुझ्या आईचा चाटू पातेल्यातच थांबला. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी जे सुचलं ते बोललो. म्हटलं, छे छे, यंत्राची चूक आहे ही, भाऊ नव्हे, आतेभाऊ! हान तुओ हा तिंगबाईचा आतेभाऊ लागतो. हानची आई म्हणजे तिंगबाईच्या बापाची सख्खी बहीण. पुष्पाबाईंचा चेहरा तिथल्या तिथे निवळला. म्हणाल्या, मामाचं घर होय, मग हक्काचंच आहे की, आधी नाही का सांगायचं. आणि मी हुश्श करून घाम पुसला. पण वर पाहतो तर अक्का माझ्याकडे बघत होती आणि तुझी आई मला डोळ्यांनीच भाजत होती, तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला की मी काय करून बसलो. आतेभाऊ आला म्हणजे मामा आला. चौतीस वर्षांत एक खोटी वारस नोंद केली नाही या माणसाने, आणि एका मिनिटात चीनमधल्या एका घराण्याला नसलेली बहीण जोडली. ती बहीण, तिचा मुलगा आणि तिचा भाऊ.

पुढचं पुस्तक तू वाचलंयस, तेव्हा माझी अवस्था तुला कळेल. एकशे विसाव्या प्रकरणात तिंगबाईचा बाप त्या दोघांना साफ नाही म्हणतो आणि मुलाचं नाव वंशावळीतून खोडतो. मूळ पुस्तकात तो नुसता एक कडक म्हातारा आहे. आमच्या गच्चीवर तो मामा झालेला! म्हणजे मामाने भाच्याला नकार दिला, बहिणीचा शब्द मोडला. मी वाचतोय आणि माझा आवाज माझाच मला ऐकू येत नाही. त्या मामाचा नकार पत्राने येतो, ते पत्र वाचायची वेळ आली तेव्हा तर मी चष्मा विसरल्याचं सांगून खाली जाऊन बसलो. वर पुष्पाबाई त्या मामाला अशा अस्सल खानदेशी शिव्या घालत होत्या की खाली माठातलं पाणी पिताना मला ठसका लागला. अक्का मात्र बिबड्या थापत राहिली. ताकाला जाऊन भांडं लपवणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत, पण आम्ही दोघं बहीणभाऊ ताकही पितोय, भांडंही लपवतोय, आणि दोघांनाही दुसऱ्याचं भांडं दिसतंय.

आखाजी झाली. खापरावरच्या पुऱ्या, आमरस, सगळं झालं. अक्का झोक्यावरही बसली, आणि मी सहा वर्षांनी तिला माहेरचं लुगडं नेसवलं तेव्हा तिने ते मुकाट्याने घेतलं, पण मला आशीर्वाद देताना ‘भाऊ’ म्हणाली नाही, नुसतं माझ्या नावाने ‘कौतिक’ म्हणाली. आणि आखाजीनंतर जायचं म्हणून तिने पुन्हा पिशवी मागितली. तुझी आई म्हणाली, गोष्ट पुरी ऐकून जा अक्का, चाळीस प्रकरणंच राहिलीत. अक्का म्हणाली, बरं. म्हणजे गोष्ट संपली की ती जाणार. म्हणून मी आता प्रकरणं पुरवून पुरवून वाचतो. रोज पाचऐवजी दोन. मध्येच हवामानाचं वर्णन घालतो. स्वयंपाक्याला मी माझ्या पदरची तीन प्रकरणं दिली, त्याने मठात वांग्याचं भरीत केलं, तुझी आई धन्य झाली.

काल एकशे सत्तरावं प्रकरण निघालं. तुला आठवत असेल. बर्फ पडतोय, म्हातारा आजारी, मुलगा दाराबाहेर गुडघे टेकून बसलाय, म्हातारा दार उघडत नाही आणि तसाच आतल्या आत मरतो. मी मोबाईलवर ते दोनदा मनात वाचलं. आणि अक्का समोर बसलेली. मला ते मोठ्याने वाचता आलं नाही, डिंपल. मी बटण दाबल्यासारखं केलं आणि पडद्याकडे बघत मनातलं बोलायला लागलो. म्हटलं, मग तो म्हातारा अंथरुणातून उठला. घोडा घेतला नाही, पालखी घेतली नाही, नोकर पाठवला नाही, चिठ्ठीही पाठवली नाही. पायी निघाला. सात गावं ओलांडून बहिणीच्या दारात गेला आणि बर्फात उभा राहून म्हणाला, तुला नाही म्हणायचं होतं तर ते मी स्वतः येऊन सांगायला हवं होतं. मी थांबलो. पुष्पाबाई पदराने डोळे पुसत होत्या, रईसाबींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. अक्काने डोळे चोळले, तिच्या बाजूला घाट्याची वाफ फार येत होती. मग तिने विचारलं, “मंग? त्या बहीननी दार उघाडं का नही?”

मी म्हटलं, उद्या वाचू. आज सकाळी म्हटलं, मोबाईलला चार्जिंग नाही. उद्या कोणती सबब सांगू मला कळत नाही.

बाकी सगळं ठीक. कैऱ्या पाठवतो. नवीनरावांनी जड उचलू नये. आईने तुला विचारलं आहे की नाही हे मला ठाऊक नाही, ती गच्चीवर आहे, पण ती विचारतेच असं समज.

तुझा,
आबा

ता. क. : पुढची कादंबरी ताबडतोब पाठव. निदान हजार प्रकरणांची हवी. त्यात तसले प्रसंग जरा बेताचे असू देत. मी तिथे ‘व इतर अनुषंगिक बाबी’ असं म्हणून पान उलटतो, पण रईसाबींनी परवा तोंडावर सांगितलं की आबा, अनुषंगिक बाबी सविस्तर वाचत चला.

ता. क. दुसरा : वर कादंबरी मागितली ते उगीच. खरं काम हे आहे. त्या पुस्तकात बहीण नाही. ती मी घातली. त्यामुळे ती दार उघडते की नाही हे पुस्तकात कुठेच लिहिलेलं नाही, आणि मी स्वतःच्या मनाने ‘उघडलं’ म्हणून वाचावं एवढा माझा अधिकार नाही. तेव्हा तू आत्याला फोन कर, इकडचं तिकडचं बोल, आणि सहज विचारल्यासारखं विचार की आत्या, तुला काय वाटतं, त्या बहिणीने काय करावं? ती जे म्हणेल ते मला कळव. मी तसंच वाचीन. नाही उघडलं म्हणाली तरी तसंच वाचीन. माझं नाव घेऊ नकोस.

डिंपल, हाई आते मी लिखस, तुनी आत्या. तुना बापनी पाकीट उघडंच टेबलवर ठेयेल व्हतं. मी चौथी पास शे, हाई तो इसरी गया. बठ्ठं वाचं मी.

त्या पुस्तकमा मामा नही नि बहीनबी नही, हाई माले पह्यलेपाइन माहीत शे. मनी सून ज्योत्स्नानी गये साल कांदा काढाना टाईमले माले ते पुरं वाची दखाडं व्हतं. म्हतारा दार लाईसन मरी जास, तठे मी दोन दिन जेवनू नही. ज्योत्स्नाले तिंगबाई आवडस, माले हान तुओ. तिनासंगे भांडी भांडी मी थकनू, म्हनीसन आठे उनू. पन काल तुना बापनी जे वाचं ते कोनताच पुस्तकमा नही शे. ते तो माले वाची राह्यंता.

माले तोंडवर सांगता येत नही. आमी दोन्ही येकच मायना. म्हनीसन तू त्याले फोनवर सांग, बहीननी दार उघाडं. पन लगेच नही. पह्यले घंटाभर त्याले बर्फमा हुबा ठेवा. आनी त्या घंटामा ती काय राग धरीसन बशेल नव्हती, हाईबी सांग. आतमा चुल्हा पेटाडीसन ती त्यानासाठे पानी तपाडी राह्यंती.